परड्यातले वेल्डिंग : नवशिक्यांसाठी साधने, सराव आणि काळजी

निपाणी, चिक्कोडी, खानापूर अशा तालुक्यांत किंवा बेळगावच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाच्या घरी लोखंडाचे काही ना काही काम सतत निघत असते. परड्याच्या फाटकाची बिजागरी निखळते, पाण्याच्या टाकीचा स्टँड डुगडुगू लागतो, खुराड्याची जाळी सुटते. एवढ्याशा कामासाठी मेस्त्रींना गावाबाहेरून बोलावणे जमत नाही आणि ते आले तरी त्यांचा दिवस मोडतो. घरच्या सिंगल फेज विजेवर चालणारी, एका हाताने उचलता येणारी इन्व्हर्टर यंत्रे बाजारात आल्यापासून ही कामे स्वतः करण्याची वाट मोकळी झाली आहे. हौस म्हणून वेल्डिंग शिकू इच्छिणाऱ्यांनी काय घ्यावे, कोणत्या क्रमाने शिकावे आणि कोणत्या कामांना हात लावू नये, हे या लेखात सांगत आहे.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट मांडतो. वेल्डिंग शिकणे म्हणजे काळ्या काचेआड वितळलेल्या लोखंडाचा रस ओळखायला आणि तो ताब्यात ठेवायला शिकणे. ठिणग्या, आवाज, डोळे दिपवणारा उजेड या सर्वांमधून नजर त्या लहानशा रसावर स्थिर झाली की हात आपोआप वळू लागतो. साधने निवडतानाही हाच निकष लावावा : ज्याने रस नीट दिसतो आणि स्थिर राहतो ते साधन चांगले.

काही विकत घेण्यापूर्वी

यंत्र घेण्याआधी जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काही दिवस जाऊन बसावे. या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर घडवले. आज उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, आणि ट्रॉली, फाटके, ग्रील बनवणारी लहान वर्कशॉप तर बहुतेक मोठ्या गावांत सापडतात. मेस्त्रींना आदराने विचारून, स्वतःची काच सोबत नेऊन काम पाहावे. त्यांचा हात किती वेगाने सरकतो, रॉड कसा कलतो आणि रॉड संपत आला की ते काय करतात, याकडे लक्ष द्यावे. परतताना पाच ते सहा मि.मी. जाडीच्या पट्ट्यांचे तुकडे भंगाराच्या भावाने मागून आणावेत, कारण सरावासाठी हेच लागणार आहेत. ज्यांना पद्धतशीर शिक्षण हवे आहे त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मात्र नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्याला मेस्त्रींचा शेजार आणि नियमित सराव पुरतो.

कोणते वेल्डिंग शिकावे

ज्यात वेल्डिंगची तार आपोआप पुढे सरकते ते मिग यंत्र शिकायला सोपे असते, पण गॅसवर चालणाऱ्या मिगला सिलिंडर लागतो आणि उघड्यावर वाऱ्याने तो गॅस उडून जातो. टिगचे, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेले, काम देखणे होते, परंतु त्याला आर्गॉन वायू, अत्यंत स्वच्छ धातू आणि दोन्ही हातांचा मेळ लागतो. शेतात, परड्यात, थोड्याफार गंजलेल्या लोखंडावर काम करणाऱ्या नवशिक्याने रॉडचे साधे आर्क वेल्डिंगच शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्क म्हणजे रॉडचे टोक आणि लोखंड यांमध्ये पेटणारी विजेची ज्योत. रॉडवरचे आवरण जळून त्याचाच वायू आणि स्लॅगचे, म्हणजे मळीचे, कवच तयार होते, त्यामुळे वेगळ्या गॅसची गरज भासत नाही. शिवाय रॉड तालुक्याच्या गावातही सहज मिळतो.

यंत्र आणि वीज

घरगुती कामासाठी 200 अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर यंत्र पुरेसे होते. प्रत्यक्षात आपण त्यातले 45 ते 120 अँपिअरच वापरणार असतो, पण यंत्रात थोडी ताकद शिल्लक असली की ते कमी तापते. दुकानात यंत्रावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा मागची पट्टी वाचावी. त्यावर ड्यूटी सायकल लिहिलेली असते. 200 अँपिअरला 60 टक्के असे असेल, तर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे त्या करंटवर काम करता येते आणि उरलेली चार मिनिटे यंत्राला थंड होऊ द्यावे लागते. हे माप सहसा 40 अंश सेल्सिअस तापमानाला धरलेले असते, म्हणून अथणी, रायबागकडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात यंत्र सावलीतच ठेवावे. हॉट स्टार्ट (पेटवताना क्षणभर जास्त करंट) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटताच करंट कमी) या सोयी नवशिक्याला खरोखर उपयोगी पडतात, कारण पहिल्या दिवसांत रॉड वारंवार चिकटतो. यंत्रासोबत येणारी केबल आणि कामाच्या लोखंडाला लावायचा अर्थचा चिमटा मात्र हाताळून पाहावा. काही वेळा केबल बारीक आणि चिमटा पत्र्याचा असतो. तसे असेल तर 16 चौ. मि.मी. तांब्याची केबल आणि जड चिमटा वेगळा घ्यावा. अर्थ नीट बसला नाही की आर्क तुटत राहतो आणि नवशिका दोष स्वतःच्या हाताला देतो.

विजेचे गणित खरेदीपूर्वी करावे. 80 अँपिअरवर वेल्डिंग करताना साधारण यंत्र घरच्या लाइनवरून 13 ते 14 अँपिअर ओढते, म्हणजे 16 अँपिअरचा सॉकेट चालतो. 120 अँपिअरवर हीच ओढ वीसच्या पुढे जाते आणि तोच सॉकेट तापून काळा पडतो. म्हणून वेल्डिंगसाठी मीटरपासून 4 चौ. मि.मी. तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि नीट केलेले अर्थिंग एवढे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलावर आपला मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असेल तर रीतसर वाढवून घ्यावा. शेतातल्या खांबावर आकडा टाकून यंत्र चालवण्याचा विचारही करू नये, कारण त्यात दंड आहे आणि जिवाचा धोकाही आहे. एक्स्टेन्शन वापरावेच लागले तर जाड वायरचे घ्यावे आणि गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवावी, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते, त्या वेळी तोच आकडा लावूनही आर्क मलूल होतो. म्हणून सराव शक्यतो सकाळी करावा.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. आरसीसीबी हा घरच्या लाइनच्या बाजूचा धोका टाळतो. होल्डरच्या, म्हणजे रॉड धरायच्या मुठीच्या, बाजूचे सर्किट यंत्राच्या आत त्यापासून वेगळे केलेले असते, त्यामुळे होल्डरचा झटका बसला तर आरसीसीबी पडत नाही. रॉड पेटलेला नसताना होल्डरवर 60 ते 80 व्होल्ट उभे असतात. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या अंगाला एवढे व्होल्टेज घातक ठरू शकते. कोरडे हातमोजे, कोरडे बूट आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी यांना पर्याय नाही. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात जमीन आठवडे आठवडे ओली राहते, तेव्हा पक्क्या छपराखाली कोरडी जागा नसेल तर काम पुढे ढकलावे.

डोळे, कातडी आणि छाती

पैसे मोजके असतील तर ते आधी डोळ्यांवर खर्च करावेत. रस्त्याकडेला साध्या काळ्या गॉगलवर वेल्डिंग करणारे आपण पाहतो. तो गॉगल आर्कसाठी बनवलेला नसतो आणि सगळा चेहरा तर उघडाच राहतो. आर्कमधून निघणारे अतिनील किरण डोळ्यांच्या बुबुळावरचा पातळ थर भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू खुपू लागते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे सर्रास होतो, त्याने थोडे थंड वाटते एवढेच. डोळे चोळू नयेत आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

नवशिक्यासाठी आपोआप काळे होणारे हेल्मेट सर्वांत सोयीचे असते. आर्क पेटण्यापूर्वी रॉडचे टोक नेमके कोठे आहे ते त्यातून दिसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्यावर काळेपणाचा अंक 9 ते 13 असा बदलता येतो, 2.5 मि.मी.च्या रॉडला 10 आणि 3.15 मि.मी.च्या रॉडला 11 अंक ठेवावा. रस मंद हिरवट दिसला पाहिजे, डोळे मिटावेसे वाटता कामा नयेत. ते परवडत नसेल तर 11 अंकाच्या साध्या काचेचे, डोक्यावर बसणारे हेल्मेटही भरवशाचे असते. हातात धरायची काच घेऊ नये, कारण सुरुवातीला दुसरा हात रॉड स्थिर ठेवायला लागतो. बाहेरच्या पारदर्शक काचेवर ठिणग्यांचे डाग पडतात. ती स्वस्त असते, म्हणून धुरकट होताच बदलावी. ज्यांना जवळचा चश्मा आहे त्यांनी तो हेल्मेटच्या आत लावावा, नाहीतर रस दिसणारच नाही.

अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. नायलॉन आणि पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. पँटचे पाय बुटांच्या बाहेर सोडावेत, हातमोजे चामड्याचे असावेत, आणि ग्राइंडर चालवताना वेगळा पारदर्शक गॉगल लावावा. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करणे ही आपल्या बाजारपेठेतली अत्यंत वाईट सवय आहे, ती उचलू नये.

जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगच्या जागेच्या दोन्ही बाजूंचा थर आधी घासून काढावा, घासतानाही तोंडावर मास्क असावा, आणि काम वाऱ्याच्या दिशेला पाठ न करता, वारा बाजूने वाहील असे उभे राहून करावे. गूळ खाल्ला की किंवा दूध प्यायले की धूर बाधत नाही, असा समज कामगारांत आहे, पण छातीत गेलेला धूर पोटातल्या गुळाने निघत नाही. ब्रेक साफ करण्याच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असते. त्याने पुसलेल्या लोखंडावर आर्क पेटवल्यास विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून लोखंड फक्त ग्राइंडर आणि वायर ब्रशने साफ करावे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कामाजवळ जाऊ नये.

जागा निवडताना उसाचे पाचट, कडब्याची गंजी, डिझेलचे डबे यांपासून दूर राहावे. बादलीभर पाणी आणि बादलीभर वाळू हाताशी ठेवावी, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास तेथून हलू नये, कारण फटीत गेलेली ठिणगी उशिरा धरते. गल्लीत घरे चिकटून असतात; पत्र्याचा आडोसा केला नाही तर शेजारची मुले कुतूहलाने आर्ककडे पाहत उभी राहतात.

रॉड

नवशिक्याने 6013 जातीचा, 2.5 मि.मी. जाडीचा रॉड घ्यावा. यातला 60 हा आकडा जोडाची ताकद दर चौरस इंचाला 60,000 पौंड असल्याचे सांगतो, त्यापुढचा 1 म्हणजे सर्व स्थितींत चालणारा, आणि शेवटचा अंक आवरणाची जात दाखवतो. हा रॉड सहज पेटतो, आर्क मऊ राहतो आणि स्लॅग सोलून निघते. अडोर, ईसाब, डी अँड एच सेशेरॉन यांसारख्या माहीत असलेल्या नावाचा, आयएस 814 हा अंक छापलेला पुडा घ्यावा. 7018 रॉडचा जोड अधिक चिवट होतो, पण तो कोरडा राखण्यासाठी 300 अंशांच्या पुढे भाजावा लागतो, त्यामुळे घरच्या माणसाला तो तूर्त नको. 6013 सुद्धा आपल्या पावसाळ्यात ओल धरतो. पुडा उघडला की रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ओलसर रॉडने जोडात बारीक छिद्रे पडतात.

सराव : येथे घाई करू नये

पहिला धडा फक्त आर्क पेटवण्याचा. पट्टी घासून चकचकीत करावी, अर्थचा चिमटा त्याच पट्टीला लावावा, करंट 80 अँपिअरवर ठेवावा आणि काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड पट्टीवर ओढून लगेच किंचित वर उचलावा. चिकटला तर मनगटाला झटका देऊन सोडवावा; न सुटल्यास होल्डरमधून मोकळा करावा. रॉडचे टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढेच, म्हणजे अडीच मि.मी. अंतर राखायचे आहे. अंतर वाढले की आर्क फडफडतो, शिंतोडे उडतात आणि रस पसरट होतो. रॉड सतत झिजत असल्यामुळे हात पुढे सरकवतानाच खालीही आणत राहावे लागते. नवशिक्याला ही दुहेरी हालचाल सर्वांत अवघड जाते, म्हणून कोपर टेकवून किंवा दुसऱ्या हाताने मनगट धरून काम करावे. उभे राहून, हात अधांतरी ठेवून कोणाचीच रेघ सरळ येत नाही.

दुसरा धडा रेघांचा. खडूने रेषा आखून, रॉड प्रवासाच्या दिशेने 10 ते 15 अंश कलवून, म्हणजे टोक मागच्या रसाकडे ठेवून, एक रॉड संपेपर्यंत एकच रेघ ओढावी. आता डोळे उजेडावर न ठेवता आर्कच्या मागच्या चकचकीत रसावर ठेवावेत. त्याच्या मागे मातकट कवच सरकत येताना दिसेल. ते कवच म्हणजे स्लॅग. स्लॅग रसाला ओलांडून पुढे येऊ लागली तर वेग किंवा करंट कमी पडतो आहे. रेघेची रुंदी रॉडच्या दुप्पट ते तिप्पट असावी. रेघ थंड झाल्यावर चिपिंग हॅमरने स्लॅग काढावी, तीही गॉगल लावूनच, कारण गरम खपली थेट डोळ्यात उडते. मग रेघ नीट वाचावी. ती उंच, दोरीसारखी पट्टीवर नुसती बसलेली असेल तर करंट कमी आहे. कडांना चर पडला असेल, ज्याला अंडरकट म्हणतात, तर करंट जास्त किंवा आर्क लांब आहे. लहरी टोकदार आणि लांबट दिसत असतील तर हात वेगाने पळतो आहे. प्रत्येक रेघेजवळ खडूने करंटचा आकडा लिहून ठेवला तर आठवड्यानंतरची तुलना स्वतःच शिकवते. एका पट्टीवर एकास एक लागून, मागच्या रेघेचा तिसरा हिस्सा झाकत, पूर्ण पट्टी भरून काढणे हा या धड्याचा शेवट.

तिसरा धडा टी-जोडाचा. एका पट्टीवर दुसरी काटकोनात उभी करून गुण्या लावावा, दोन्ही टोकांना टाके, म्हणजे वेल्डचे लहान ठिपके, मारावेत आणि रॉड कोनाच्या मधोमध 45 अंशांवर धरून भरावे. रसाने दोन्ही पट्ट्यांना सारखे भिजवले पाहिजे. एका बाजूलाच ओढ घेत असेल तर रॉड दुसरीकडे वळवावा. आता हा जोड मोडायचा आहे. एकाच बाजूने वेल्ड केलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून, उभी पट्टी वेल्डच्याच बाजूला झुकेल असा हातोडा मारून ती दुमडावी. जोड फुटलाच तर आतले पाहावे. कोपऱ्याच्या तळाशी न वितळलेली सरळ, काळसर रेघ दिसली तर लोखंड वरवर चिकटले होते, आत मुरले नव्हते. बाहेरून सुंदर दिसणारा जोड आतून पोकळ कसा असतो, ते या एका परीक्षेत जितके समजते तितके वाचून समजत नाही. तुकडे मोडण्याचा कंटाळा करू नये.

पातळ पाइपची गोष्ट निराळी आहे. दुकानात मिळणारा 16 गेजचा चौकोनी पाइप 1.6 मि.मी. जाडीचा असतो आणि 80 अँपिअरला त्याला क्षणात भोक पडते. तेथे 2 मि.मी.चा रॉड, 45 ते 60 अँपिअर, आणि होल्डर मायनसला लावून अर्थ प्लसला जोडणे हे तीन उपाय करावेत. सलग न भरता लहान लहान टाके मारत, मध्ये थंड होऊ देत पुढे जावे. जाड लोखंडावर होल्डर प्लसला ठेवावा.

पहिली वस्तू आणि जी करू नये ती कामे

पहिली वस्तू म्हणून कुंड्यांचा स्टँड, चपलांचा रॅक किंवा सायकल स्टँड निवडावा. 25 मि.मी. रुंद आणि 5 मि.मी. जाड पट्टी मीटरला जवळजवळ एक किलो भरते, या हिशेबाने लोखंड आणावे. सगळे तुकडे आधी कापून, सपाट जमिनीवर मांडून, चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो, म्हणून एक कोपरा पूर्ण भरून दुसऱ्याकडे न जाता समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरावेत.

काही कामे हौशी माणसाने करूच नयेत. डिझेल, पेट्रोल, कीटकनाशक किंवा तेल ठेवलेले बंद पिंप धुऊन वाळवलेले असले तरी आर्कने फुटू शकते. ते अनुभवी माणसावरही सोपवू नये, भंगारात द्यावे. ट्रॉलीचा हूक आणि दांडी, मोटारसायकलची चेसिस, गॅलरीचा कठडा, विहिरीत उतरायची शिडी, झोपाळ्याची कडी, हवेचा किंवा गॅसचा टँक, या सर्वांत जोड सुटला तर माणूस जातो. ही कामे अनुभवी मेस्त्रींकडेच द्यावीत. ट्रॅक्टरवर किरकोळ काम करायचे झाले तरी आधी बॅटरीच्या वायरी काढाव्यात आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

वस्तू तयार झाल्यावर स्लॅगचा कण न् कण काढून, वायर ब्रश मारून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर दुसरा. वेल्डच्या खालच्या बाजूला ब्रश सहसा पोहोचत नाही आणि गंज तेथूनच सुरू होतो, म्हणून स्टँड उलटा ठेवून रंगवावा. चौकोनी पाइपची वरची तोंडे पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करावीत. उघड्यावर राहणाऱ्या वस्तूच्या पायांना तळाशी लहान भोक ठेवावे, म्हणजे मृगापासून आत साचणारे पाणी निथळून जाईल.